रेकॉर्डिंगच होत नाही तो टेपरेकॉर्डर कोण घेणार? सगळे नको म्हणत होते, तरी मोरितांनी वॉकमन आणलाच

जून १९७९. टोकियोमध्ये काही पत्रकारांना एका बसमध्ये बसवलं आणि थेट योयोगी पार्कात नेलं. प्रत्येकाच्या हातात एक निळ्या-चंदेरी रंगाची छोटी डबी दिली आणि डोक्यावर हलकासा हेडफोन चढवला. बटण दाबा म्हणून सांगितलं. बटण दाबल्यावर प्रॉडक्टची सगळी माहिती त्यांच्या कानात, स्टिरिओ आवाजात सुरू झाली. समोर पोरंपोरी स्केटिंग करत होती, सायकली चालवत होती, आणि सगळ्यांच्या कानाला तेच यंत्र होतं.

आता एवढा थाट केल्यावर दुसऱ्या दिवशी पेपरात धुमाकूळ व्हायला पाहिजे होता. पण बहुतेक पत्रकारांना त्यात फार काही वाटलं नाही. कॅसेट लावायची आणि ऐकायची, बस्स. रेकॉर्डिंग होत नाही, स्पीकर नाही. असला अर्धवट टेपरेकॉर्डर कोण विकत घेणार?

गंमत म्हणजे हाच प्रश्न सोनी कंपनीतल्या लोकांनाही पडला होता. एकच माणूस होता ज्याला हा प्रश्न पडत नव्हता. तो कंपनीचा चेअरमन होता, वय वर्षं ५८, नाव अकिओ मोरिता.

या माणसाला समजून घ्यायचं तर जरा मागं जावं लागतं. आणि गोष्ट सुरू होते दारूच्या भट्टीपासून.

जपानमधल्या नागोयाजवळ मोरिता घराणं तांदळापासून बनणारी साके नावाची दारू बनवायचं. सोया सॉस आणि मिसोसुद्धा. एक-दोन नाही तर चौदा पिढ्या हाच धंदा. २६ जानेवारी १९२१ ला अकिओचा जन्म झाला. हा थोरला पोरगा, म्हणजे पंधराव्या पिढीचा वारस. त्यामुळं त्याचं पुढं काय होणार हे तो पाळण्यात असतानाच ठरलं होतं. शाळकरी वयातच वडील त्याला ऑफिसात नेऊन बसवायचे, मीटिंगा ऐकायला लावायचे, स्टॉक कसा मोजतात ते दाखवायचे. सुट्टीतसुद्धा सुटका नव्हती.

पण घरात एक गोष्ट अशी आली की सगळा हिशेब बिघडला. अकिओच्या आईला पाश्चात्त्य संगीताचा भारी नाद. घरी जुना चावीचा ग्रामोफोन होता. वडिलांनी त्याच्या जागी विजेवर चालणारा नवा फोनोग्राफ आणला, बराच महागडा. तबकड्या त्याच, पण आवाज एकदम वेगळा. पोरगं हरखलं. हे होतं कसं, या एका प्रश्नानं त्याला असं पछाडलं की तो मासिकं वाचून, सुटे भाग जमवून स्वतःच फोनोग्राफ बनवायला बसला. बनवलासुद्धा. पण या नादात अभ्यास पार बुडाला. वर्गात मार्कांप्रमाणं बसवायचे, तर साहेब ढ पोरांच्या रांगेत. पुढच्या शिक्षणाची परीक्षा पास व्हायला त्याला एक अख्खं वर्ष शिकवण्या लावून घासावं लागलं.

पुढं तो ओसाका इम्पिरियल युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकला. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. पदवीनंतर तो नौदलात तांत्रिक अधिकारी झाला, आणि उष्णतेचा माग काढणारी शस्त्रं बनवण्याच्या संशोधन गटात त्याची गाठ मसारू इबुका नावाच्या इंजिनिअरशी पडली. इबुका त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा. ही जोडी पुढं पन्नास वर्षं टिकली.

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडल्याची बातमी आली तेव्हा मोरिता सहकाऱ्यांसोबत जेवत होते. फिजिक्सचा विद्यार्थी असल्यामुळं त्यांना त्याचा अर्थ लगेच कळला. अमेरिका तंत्रज्ञानात इतकी पुढं गेली असेल, तर आपण करत होतो ते संशोधन म्हणजे पोरखेळ होता. जपान हरलं, शहरांची राख झाली.

युद्ध संपल्यावर इबुकांनी टोकियोत निहोनबाशी भागातल्या शिरोकिया नावाच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या पडझड झालेल्या इमारतीत खोली घेतली आणि रेडिओ दुरुस्तीचं काम सुरू केलं. एका पेपरात त्यावर छोटी बातमी आली. मोरितांनी ती वाचली आणि लगेच पत्र टाकलं. दोघांनी मिळून कंपनी काढायची ठरलं. अडचण एकच होती, मोरितांचे वडील.

थोरल्या मुलानं घराण्याचा धंदा सोडून दुसरीकडं जाणं म्हणजे त्या काळच्या जपानमध्ये साधी गोष्ट नव्हती. त्यामुळं एप्रिल १९४६ मध्ये इबुका स्वतः, आणि सोबत त्यांचे सासरे, जे माजी शिक्षणमंत्री होते, असे दोघं खिडक्या फुटलेल्या रात्रीच्या रेल्वेनं, थंडीत कुडकुडत मोरितांच्या गावी गेले. अगदी मुलगी मागायला जावं तसं. वडिलांनी पाव, लोणी आणि जॅम पुढं केलं. युद्धानंतरच्या उपासमारीत ही म्हणजे मेजवानी. सगळं ऐकून घेतल्यावर वडिलांनी होकार दिला. पोराला ज्यात गती आहे ते त्याला करू दे, एवढाच त्यांचा विचार. धंदा धाकट्या भावानं सांभाळला.

बरं, वडील नुसता होकार देऊन थांबले नाहीत. कंपनीला पैसे लागले की साकेच्या धंद्यातून कर्ज द्यायचे. कर्जाच्या बदल्यात त्यांना शेअर मिळत गेले. त्या शेअरचं पुढं काय झालं असेल याचा अंदाज तुम्हीच लावा.

७ मे १९४६ ला १ लाख ९० हजार येन भांडवलावर टोकियो त्सुशिन कोग्यो ही कंपनी सुरू झाली. सोनी हे नाव अजून बरंच लांब होतं. सुरुवातीला काय बनवायचं हेच पक्कं नव्हतं. इबुकांनी विजेवर भात शिजवणारं भांडं करून पाहिलं, पण भात एक तर कच्चा राहायचा नाही तर लगदा व्हायचा. तो नाद सुटला. मग त्यांनी टेपरेकॉर्डर मनावर घेतला. टेपवर लावायची चुंबकीय पावडर कुठं मिळेना, तर इंजिनिअरांनी ती कढईत भाजून बनवली आणि ब्रशनं हातानं कागदी पट्ट्यांवर रंगवली.

१९५० मध्ये यंत्र तयार झालं. वजन ३५ किलो, किंमत १ लाख ६० हजार येन. ज्यानं ऐकलं तो खूष, पण विकत कोणीच घेईना. मोरितांना पहिल्यांदा कळलं की भारी वस्तू बनवणं वेगळं आणि विकणं वेगळं. याच काळात एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाला एक जुना फुलदाणीसारखा नग घेताना पाहिलं, तोही टेपरेकॉर्डरपेक्षा जास्त पैसे मोजून. मोरितांना असल्या जुन्या वस्तूचं कौतुक नव्हतं, त्याला होतं. म्हणजे वस्तूची किंमत ज्याला कळते असा माणूस शोधला पाहिजे. युद्धामुळं कोर्टात स्टेनोग्राफरांचा तुटवडा आहे हे समजल्यावर ते यंत्र घेऊन थेट जपानच्या सुप्रीम कोर्टात गेले. वीस नग जागेवर खपले. नंतर शाळांमध्ये. इबुकांनी बनवायचं आणि मोरितांनी विकायचं, ही कामाची वाटणी इथंच झाली.

आता येतो खरा खेळ. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला होता. तोवर रेडिओत काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब असायच्या. त्या गरम व्हायच्या, वीज खायच्या, जागा खायच्या. त्यामुळं रेडिओ म्हणजे टेबलावर बसवायचं लाकडी खोकं. ट्रान्झिस्टर तेच काम शेंगदाण्याएवढ्या जागेत, बॅटरीवर करणार होता. वेस्टर्न इलेक्ट्रिककडून त्याचा परवाना २५ हजार डॉलरला घ्यायचं ठरलं. अमेरिकन लोकांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की याचं फक्त कानात घालायचं श्रवणयंत्र बनवता येईल, दुसरं काही नाही. जपानच्या व्यापार मंत्रालयाला तर एवढ्याशा कंपनीला इतके डॉलर द्यायचे हेच पटेना. परवानगीला महिनोन् महिने लागले.

१९५३ मध्ये करारासाठी मोरिता पहिल्यांदा परदेशी गेले. अमेरिका पाहून छाती दडपली, जर्मनी पाहून आणखी. जर्मनीत एका वेटरनं त्यांना आइस्क्रीम आणून दिलं, त्यावर कागदाची इवलीशी छत्री खोचलेली. ही तुमच्या देशातून येते, असं तो कौतुकानं म्हणाला. मोरितांना ते लागलं. जगाला जपान म्हणजे कागदाच्या छत्र्या! तिथून ते हॉलंडला गेले. फिलिप्ससारखी जगभर पसरलेली कंपनी आइंडहोवन नावाच्या शेतीच्या मुलखातल्या गावात उभी राहिली हे बघितल्यावर मात्र त्यांना धीर आला. लहान देशातल्या लहान गावातला माणूस हे करू शकतो, तर आपण का नाही.

परवान्याबरोबर तयार रेसिपी मिळाली नव्हती. रेडिओला लागणारी जास्त फ्रिक्वेन्सी झेपेल असा ट्रान्झिस्टर त्यांच्याच लोकांना वर्षभर खपून बनवावा लागला. सुरुवातीला शंभरातले मोजकेच नग चालायचे. या खटपटीत असलेल्या लिओ एसाकी नावाच्या संशोधकाला ट्रान्झिस्टरमधले दोष शोधताना एक नवीनच गोष्ट सापडली आणि त्याबद्दल त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं.

जगातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ मात्र यांचा नाही. तो मान १९५४ च्या शेवटी अमेरिकेच्या रीजन्सी कंपनीनं नेला. यांचा टीआर-५५ आला १९५५ मध्ये. तो घेऊन मोरिता न्यूयॉर्कची दुकानं पालथी घालत होते. बुलोव्हा ही बडी घड्याळ कंपनी म्हणाली, एक लाख रेडिओ द्या. फक्त अट एक, वर नाव आमचं पाहिजे.

एक लाख! त्या ऑर्डरची रक्कम कंपनीच्या सगळ्या भांडवलापेक्षा मोठी होती. टोकियोतून संचालकांनी कळवलं की नावाचं जाऊ द्या, ऑर्डर घ्या. मोरितांनी ऑर्डर नाकारली. बुलोव्हाच्या माणसाला वाटलं हा येडा झालाय. आमच्या नावामागं पन्नास वर्षं आहेत, तुमचं नाव कोणी ऐकलंय, असं त्यानं सुनावलं. मोरितांनी उत्तर दिलं की पन्नास वर्षांपूर्वी तुमचंही कोणी ऐकलं नव्हतं, आम्ही आज पहिलं पाऊल टाकतोय. पुढं आयुष्यभर ते हाच निर्णय आपला सगळ्यात चांगला धंद्याचा निर्णय मानत राहिले.

आता हे नाव कुठून आलं? टोकियो त्सुशिन कोग्यो हे अमेरिकन माणसाच्या जिभेला वळत नव्हतं. मोरिता आणि इबुकांनी डिक्शनऱ्या चाळल्या. लॅटिनमध्ये आवाजाला सोनस. इंग्रजीत लाडक्या पोराला सनी म्हणतात. पण ते जपानी उच्चारात वाचलं की त्याचा अर्थ पैसे बुडणे असा व्हायचा. धंद्याला असलं नाव कोण देणार? मग मधलं एक अक्षर उडवलं आणि सोनी तयार झालं. आधी ते मालावर आलं आणि जानेवारी १९५८ मध्ये कंपनीलाच ते नाव दिलं.

१९५७ चा टीआर-६३ रेडिओ खिशात मावतो अशी जाहिरात होती. प्रॉब्लेम एवढाच की तो साध्या शर्टाच्या खिशापेक्षा किंचित मोठा होता. मोरितांनी रेडिओ लहान केला नाही. सेल्समनच्या शर्टांचे खिसे मोठे शिवून घेतले. लबाडी म्हणा, डोकं म्हणा, पण रेडिओ अमेरिकेत तुफान चालला. इतका की १९५८ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका गोदामात चोर शिरले आणि बाकी कंपन्यांचा माल सोडून सोनीचे सुमारे ४,००० रेडिओ घेऊन गेले. पेपरात बातमी आली. एवढी जाहिरात पैसे देऊनही झाली नसती.

या रेडिओनं एक मोठा बदल केला. टेबलावरचा रेडिओ घरातले सगळे मिळून ऐकायचे, कोणतं स्टेशन लावायचं ते वडील ठरवायचे. खिशातला रेडिओ पोरांचा स्वतःचा होता. वीस वर्षांनी वॉकमननं हीच गोष्ट पुढं नेली.

१९६३ मध्ये मोरिता बायको योशिको आणि तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्कला राहायलाच गेले. अमेरिकन माणसाला माल विकायचा तर तो जेवतो काय, घरी पाहुणे आले की करतो काय, हे कळलं पाहिजे असं त्यांचं मत. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि थोरला मुलगा म्हणून त्यांना परतावं लागलं. साकेचा धंदा सुटला तरी घराणं सुटत नाही.

परत वॉकमनकडं येऊ. इबुकांना लांबच्या विमानप्रवासात गाणी ऐकायची होती. सोनीचा स्टिरिओ टेपरेकॉर्डर होता, पण तो अंगावर वागवणं म्हणजे हमालीच. त्यांनी कंपनीत विचारलं की काहीतरी हलकं करता येईल का. कंपनीकडं पत्रकारांसाठीचा प्रेसमन नावाचा छोटा रेकॉर्डर होता. इंजिनिअरांनी त्यातला रेकॉर्डिंगचा भाग आणि स्पीकर काढला, त्या जागी स्टिरिओ आवाजाची सोय बसवली. योगायोगानं दुसरीकडं एक टीम ५० ग्रॅमच्या आसपासचा हेडफोन बनवत होती. तोवरचे हेडफोन ३००-४०० ग्रॅमचे असायचे. दोन्ही जोडून इबुकांच्या हातात दिलं.

इबुका खूष झाले आणि मोरितांना दाखवायला गेले. मोरितांना त्यात बाजार दिसला. घरातली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत गाणी लावून बसतात हे ते बघत होते. बाहेर जाताना ती गाणी घरीच राहतात, एवढीच अडचण होती.

सेल्सवाले नको म्हणत होते, हिशेब बघणारे तर डोक्याला हात लावून बसले, कारण मोरितांना किंमत विद्यार्थ्यांना परवडेल अशी हवी होती. कंपनीला ३३ वर्षं झाली होती, म्हणून ३३,००० येन ठरली. त्या दरात बनवायचं तर नग भरपूर काढावे लागणार. पहिल्या खेपेला ३०,००० काढायचं ठरलं. तेव्हा कोणताही टेपरेकॉर्डर त्या वेगानं खपत नव्हता. मोरितांनी जबाबदारी स्वतःवर घेतली आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी माल दुकानात हवा म्हणून सांगितलं. हाताशी चार महिनेच होते.

घरी नमुना घेऊन गेल्यावर मात्र त्यांना वेगळाच धडा मिळाला. ते एकटेच कानाला लावून बसले आणि योशिको वैतागल्या. समोर बसलेला नवरा कानात काहीतरी घालून दुसऱ्याच जगात, कोणत्या बायकोला चालेल? मोरितांनी ऑफिसात जाऊन दोन हेडफोन लावायची सोय करायला लावली. शिवाय एक नारिंगी बटण बसवलं, ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी व्हायचा आणि दोघांना मायक्रोफोनवर बोलता यायचं. एकट्यानं गाणी ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल अशी त्यांना मनापासून भीती होती. लोकांना तसं काहीही वाटलं नाही. ज्यानं त्यानं आपापला घेतला.

१ जुलै १९७९ ला वॉकमन बाजारात आला. पहिल्या महिन्यात खपले फक्त ३,००० च्या आसपास. मग कंपनीच्या लोकांनी शिंजुकू, गिंझासारख्या गर्दीच्या भागात आणि लोकल गाड्यांमध्ये वॉकमन लावून हिंडायला सुरुवात केली. पोरंपोरी दिसली की हेडफोन त्यांच्या कानाला लावायचा. ऑगस्ट संपेपर्यंत ३०,००० नग संपले आणि दुकानात चणचण सुरू झाली.

परदेशात सोनीच्या लोकांना वॉकमन हे इंग्रजी खटकलं. म्हणून अमेरिकेत साऊंडअबाउट, ब्रिटनमध्ये स्टोअवे, स्वीडनमध्ये फ्रीस्टाइल अशी नावं ठेवली. पण जपानहून येणारे पर्यटक वॉकमनच मागत होते. शेवटी मोरितांनी सगळीकडं एकच नाव करायला लावलं. १९८६ मध्ये हा शब्द ऑक्सफर्ड डिक्शनरीत गेला. आपल्याकडं गल्फमधून येणाऱ्या काका-मामाच्या बॅगेत तो असायचा, आणि कंपनी कोणतीही असो, म्हणायचं वॉकमनच. कॅसेटवाले वॉकमन जगभरात २० कोटींच्या वर खपले.

वॉकमनची कल्पना एकट्या सोनीचीच होती असंही नाही. आंद्रेआस पावेल नावाच्या माणसानं अंगावर बांधून गाणी ऐकायच्या यंत्राचं पेटंट १९७७ मध्येच इटलीत मागितलं होतं. त्याचं सोनीशी भांडण वीसेक वर्षं कोर्टात चाललं. मोरिता गेल्यानंतर, २००० च्या दशकात, सोनीनं त्याच्याशी तडजोड केली.

आणि मोरितांचे सगळेच डाव बसले असंही समजू नका. व्हिडिओचं बीटामॅक्स १९७५ मध्ये आणलं, पण इतर कंपन्यांना सोबत घेता आलं नाही आणि व्हीएचएसनं बाजार मारला. १९८९ मध्ये ३.४ अब्ज डॉलर मोजून हॉलिवूडची कोलंबिया पिक्चर्स घेतली. पाचच वर्षांनी या धंद्यापोटी सोनीला ३ अब्ज डॉलरच्या आसपासचा फटका हिशेबात दाखवावा लागला. त्याच १९८९ मध्ये राजकारणी शिंतारो इशिहारांसोबत त्यांचं एक पुस्तक आलं, त्यात अमेरिकेवर सडकून टीका होती. ज्या देशात मित्र जोडण्यात आयुष्य घालवलं तिथंच गदारोळ झाला. इंग्रजी आवृत्तीत मोरितांनी आपला भाग ठेवू दिला नाही.

माणूस दमायचा मात्र नाही. पन्नाशी ओलांडल्यावर टेनिस शिकला, साठीनंतर स्कीइंग. जपानच्या उद्योगपतींची सगळ्यात मोठी संघटना म्हणजे केइदानरेन, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडं येणार हे जवळपास नक्की झालं होतं. ३० नोव्हेंबर १९९३ ला सकाळी टेनिस खेळताना त्यांना मेंदूचा झटका आला. जीव वाचला, पण शरीराची एक बाजू आणि वाचा गेली. देशोदेशी बोलून माल विकणारा माणूस, त्याचं बोलणंच थांबलं. वर्षभरानं चेअरमनपद सोडलं.

इबुकांनाही त्याच्या आदल्या वर्षी आजारानं व्हीलचेअरवर आणलं होतं. शेवटच्या काळात हे दोघं भेटले की व्हीलचेअर शेजारीशेजारी लावून, एकमेकांचा हात धरून बसायचे. बोलता येत नव्हतं, तसेच बसून राहायचे. डिसेंबर १९९७ मध्ये इबुका गेले. ३ ऑक्टोबर १९९९ ला टोकियोत न्यूमोनियानं मोरिता गेले, वयाच्या ७८ व्या वर्षी.

दोनच दिवसांनी अमेरिकेत ॲपलचा कार्यक्रम होता. नवीन कॉम्प्युटर दाखवायच्या आधी स्टीव्ह जॉब्जनं पडद्यावर मोरितांचा फोटो लावला आणि त्यांना आदरांजली वाहिली. आयपॉड यायला अजून दोन वर्षं होती.